मानेचें माप

मनुष्याच्या मानेंत मणके किती असतात, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलाला विचारला तर तो चटकन् सात असें उत्तर देईल. उंदराच्या मानेंतहि सातच मणके असतात आणि झाडाच्या शेंड्याचा पाला ओरबाडणाऱ्या जिराफाच्या मानेंतहि सातच. जिराफाचा एकेक मणका वीतभर लांब असतो, उंदराचा मोहरीच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. परंतु संख्या तीच. सस्तन प्राण्यांत या नियमाला अपवाद शोधूं गेल्यास दक्षिण अमेरिकेंतील झाडांना उलटे लटकून राहणारे स्लॉथ आणि पाण्यांत चरणारा मॅनाटी एवढेच काय ते हातीं लागतात. तेव्हां मानेच्या मणक्यांची गणती ही गोष्ट सोपी खरी. मापाची गोष्ट मात्र निराळी आहे.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस हाडाची एक कमान असते. सात मणके एकावर एक बसले म्हणजे या कमानींची मिळून एक नळी तयार होते, आणि त्या नळींतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु खालीं उतरतो. त्याची जाडी करंगळीएवढी, म्हणजे सुमारें एक सेंटिमीटर. हातानें लेखणी धरावी, पायानें पाऊल टाकावें, छातीनें श्वास घ्यावा, हे सर्व हुकूम एवढ्याशा दोरींतून जातात. श्वासपटल हलविणारे तंतु तर मानेंतच, तिसऱ्यापासून पांचव्या मणक्याच्या सुमारास, रज्जूंतून बाहेर पडतात. रज्जु आणि हाडाची भिंत यांच्यामध्यें मोकळी जागा राहते ती थोड्या मिलिमीटरांची. ती जागा ज्याला पुरेशी मिळाली तो जिन्यावरून पडला तरी बहुधा अंग झटकून उठतो. ज्याला ती कमी मिळाली त्याला तेवढ्याच धक्क्यानें जन्मभर अंथरुणावर पडून राहण्याची पाळी येऊं शकते. म्हणून या नळीचें माप काढणें ही केवळ विद्वानांची हौस नव्हे. हें माप हातीं येण्यास मनुष्याला दोन हजार वर्षें लागलीं. त्या अवधींत ज्या माना मोजणाराच्या टेबलावर आल्या त्या कोणाच्या होत्या, याचा शोध घेतला म्हणजे हा इतिहास नीट उलगडतो.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं शरीराचीं हाडें मोजलीं होतीं. चरकसंहितेंत हाडांची एकूण संख्या ३६० सांगितली आहे आणि तींपैकीं मानेचीं १५. सुश्रुतानें शल्यशास्त्राच्या मतें एकूण हाडें ३०० धरलीं आणि मानेला ९ दिलीं. आजच्या शारीरशास्त्रांत प्रौढ मनुष्याचीं हाडें २०६ मानतात. हा फरक पाहून पूर्वजांना हंसण्याचें कारण नाहीं. चरकाच्या गणतींत दांत, त्यांचीं उखळें आणि नखेंसुद्धां येतात, आणि हाड कशाला म्हणावें हें आधीं ठरविल्याखेरीज कोणतीच गणती दुसरीशीं जुळत नाहीं. सुश्रुताचें खरें मोठेपण त्यानें सांगितलेल्या रीतींत आहे. विषानें न मेलेल्या, फार दिवस आजारी नसलेल्या आणि शंभरी न गांठलेल्या मनुष्याचें प्रेत घ्यावें, तें गवतासालींनीं गुंडाळून पिंजऱ्यांत घालून वाहत्या नदींत एकांत जागीं ठेवावें, सात रात्रींनंतर तें बाहेर काढून वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्यानें हळूहळू खरवडावें आणि आंतील एकेक भाग डोळ्यांनीं पाहावा, असें त्यानें स्पष्ट सांगून ठेवलें आहे. मनुष्याचें शरीर मनुष्याच्याच शरीरावरून शिकावें, हा आग्रह त्यांत आहे. पुढें आपल्याकडे ही प्रथा मागें पडली आणि पाठांतर उरलें. आग्र्याजवळ सिकंदरा येथें जन्मलेले पंडित रुडॉल्फ हर्नले यांनीं १९०७ सालीं ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या जुन्या अस्थिगणनेची ओळीओळीनें छाननी केली आहे. ग्रंथांच्या नकला होतां होतां हाडांच्या याद्या कशा बिघडत गेल्या हें त्यावरून चांगलें समजतें. हाड समोर नसलें म्हणजे चुकीची दुरुस्ती करणार कोण ?

पश्चिमेकडे या विषयावर तेराशें वर्षें राज्य केलें तें गॅलेन या वैद्यानें. इ. स. १२९ मध्यें पर्गामम येथें जन्मलेला हा ग्रीक वैद्य तरुणपणीं तेथील मल्लयोद्ध्यांचा वैद्य होता. तरवारीनें उघड्या पडलेल्या जखमा पाहण्याची संधि त्याला रोजच मिळे. परंतु मनुष्याच्या प्रेताची चिरफाड करण्याची सोय त्या काळीं नव्हती. ती उणीव त्यानें उत्तर आफ्रिकेंतील बिनशेपटीच्या माकडांवर भागविली. जिवंत माकडें आणि डुकराचीं पिलें घेऊन त्यानें केलेले मज्जारज्जूचे प्रयोग वाचतांना आज अंगावर कांटा येतो, पण त्यांची शिस्त नांव ठेवण्यासारखी नाहीं. रज्जु पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ कापला तर प्राणी तत्काळ मरतो. तिसऱ्या व चवथ्या मणक्यांच्या मध्यें कापला तर श्वास बंद पडतो. सहाव्याच्या खालीं कापला तर बरगड्यांचे स्नायु निकामी होतात, पण श्वासपटल चालूच राहतें. मानेंतील एका मणक्याचें अंतर म्हणजे जीवनमरणाचें अंतर, ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध करणारा गॅलेन होता.

मानेचे मणके सात, हेंहि त्यानें बरोबर सांगितलें. पण येथेंच एक मौज आहे. माकड असो कीं मनुष्य असो, मानेंत मणके सातच. त्यामुळें संख्या जुळली, आणि संख्या जुळल्यामुळें आकारहि जुळत असतील असें पुढच्या सर्व पिढ्यांनीं गृहीत धरलें. हिशेबाच्या वहींत बेरीज बरोबर आली म्हणजे मधल्या रकमा कोणी पाहत नाहीं, तसाच हा प्रकार.

त्या मधल्या रकमा पाहिल्या व्हेसेलियसनें. हा ब्रुसेल्स येथें १५१४ सालीं जन्मला. १५३६ च्या सुमारास लूव्हेन गांवाबाहेर फांशीच्या खांबावर लटकत राहिलेला, पक्ष्यांनीं मांस खाऊन स्वच्छ केलेला एका गुन्हेगाराचा सांगाडा त्याच्या दृष्टीस पडला. तो सांगाडा त्यानें तुकड्यातुकड्यांनीं गुपचुप घरीं आणला आणि जोडून उभा केला. पुढें पादुआ येथें तो शिकवूं लागल्यावर तेथील एका न्यायाधीशानें फांशी गेलेल्यांचीं प्रेतें त्याच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था केली. १५४० सालीं बोलोन्या येथें त्यानें मनुष्याचा सांगाडा आणि माकडाचा सांगाडा शेजारी शेजारी ठेवले. गॅलेननें वर्णन केलेला, कमरेच्या मणक्यांवरील एक लहानसा उंचवटा माकडाच्या सांगाड्यावर होता. मनुष्याच्या सांगाड्यावर नव्हता. एवढ्याशा उंचवट्यानें तेराशें वर्षांचें गृहीत कोसळलें. आपण पढत आलों तें माकडाचें शारीर, हें त्या दिवशीं व्हेसेलियसच्या पुरतें ध्यानांत आलें, आणि १५४३ सालीं बाझल येथें छापलेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथांत गॅलेनच्या पुष्कळशा विधानांची फेरतपासणी झाली.

मानेच्या बाबतींत वाद झाला तो डोकें कसें हलतें यावर. होकार देतांना आपण मान वरखालीं करतों, नकार देतांना ती दोहोंकडे फिरवतों. या दोन हालचाली दोन निरनिराळ्या सांध्यांवर होतात. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधील सांधा होकाराचा. दुसऱ्या मणक्यावर दांतासारखा एक सुळका उभा असतो आणि पहिला मणका त्याभोंवतीं जात्याच्या खुंट्याभोंवतीं वरची तळी फिरावी तसा फिरतो; तो सांधा नकाराचा. गॅलेननें हें नेमकें उलट सांगितलें होतें. व्हेसेलियसनें तें सुलट केलें. तथापि बार्तोलोमेओ युस्ताकीसारखा अव्वल दर्जाचा शारीरज्ञ १५६४ सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत मानेच्या हालचालीबद्दल गॅलेनचाच पक्ष घेऊन लढला. व्हेसेलियसचा पॅरिसमधील गुरु सिल्व्हियस तर शिष्यावर इतका संतापला कीं, १५५१ सालीं त्यानें त्याला वेडा ठरविणारी पुस्तिकाच काढली. गॅलेन चुकला नसून गॅलेनच्या काळापासून मनुष्याचें शरीरच बदललें आहे, असें त्याचें म्हणणें. विद्यार्थ्याचें उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं म्हणजे गणितच बदललें असेल असें मानणारे शिक्षक सर्वच देशांत आणि सर्वच काळांत सांपडतात.

माकडाची जागा आतां मनुष्यानें घेतली, पण कोणत्या मनुष्यानें ? ज्याला राजानें फांशी दिलें त्यानें. इंग्लंडांत १७५२ सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें खुन्याचें प्रेत पुरण्याची मनाई होऊन तें चिरफाडीसाठीं शल्यवैद्यांकडे जाऊं लागलें; मरणानंतरची ही विटंबना शिक्षेचाच एक भाग समजली जाई. अशा रीतीनें मानेच्या शास्त्राचा आणि वधस्तंभाचा संबंध घट्ट झाला, आणि एकोणिसाव्या शतकांत तर त्याला विलक्षण वळण लागलें. मानेला किती जोर सोसतो हें मोजण्याचा जो एक गाजलेला गणिती प्रयत्न त्या शतकांत झाला, तो मान वांचविण्यासाठीं झाला नव्हता.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील सॅम्युएल हॉटन हे धर्मोपदेशक, भूगर्भशास्त्राचे अध्यापक, गणिती आणि शिवाय वैद्य. फांशी जाणारा मनुष्य गळा आवळला जाऊन मिनिटेंच्या मिनिटें तडफडतो, हें त्यांना माणुसकीला काळिमा लावणारें वाटे. १८६६ सालीं त्यांनीं एक निबंध लिहून असें मांडलें कीं, कैद्याचें वजन लक्षांत घेऊन त्याला योग्य तितक्या उंचीवरून पाडल्यास मान मोडून मरण तत्काळ येईल. हेतु दयेचा होता, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. विल्यम मारवुड या फांशी देणारानें १८७२ पासून लांब दोराची पद्धत इंग्लंडांत रूढ केली. परंतु वजन हें मानेचें माप नव्हे. जाड मनुष्याची मान अशक्त असूं शकते आणि किडकिडीत मनुष्याची कणखर. १८८५ सालीं नॉरविचच्या तुरुंगांत हिशेब इतका चुकला कीं कैद्याचें डोकें धडावेगळें झालें. त्याच वर्षीं दुसरीकडेहि फांशीची फजिती झाली, लोक संतापले, आणि लॉर्ड अबेरडेअर यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति बसून तिनें १८८८ सालीं आपला अहवाल दिला. सरकारी समितीनें मनुष्याची मान मोडण्याचें कोष्टक करावें, ही गोष्ट त्या काळच्या नीटनेटकेपणाला साजेशीच म्हणावी लागेल.

या गणितांत मान प्रत्यक्ष कोठें मोडते हें मात्र कोणालाच निश्चित ठाऊक नव्हतें. तें दाखविलें फ्रेडरिक वुड जोन्स यांनीं. ईजिप्तच्या दक्षिणेस न्यूबियांत १९०७ पासून उत्खनन चालू असतां रोमन अमदानींत फांशी दिलेल्या लोकांच्या कबरी सांपडल्या. कांहींच्या गळ्याशीं दोर अजून शिल्लक होते. तेथून वुड जोन्स या प्रश्नाकडे वळले. पुढें रंगूनच्या तुरुंगांत फांशी गेलेल्या पांच कैद्यांच्या माना त्यांच्याकडे तपासणीसाठीं आल्या. ब्रह्मदेश त्या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. पांचहि मानांत इजा एकाच जागीं, दुसऱ्या मणक्याच्या कमानीला दोहों बाजूंनीं मोडून, झालेली होती. १९१३ सालीं हें लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें, आणि ती मोडतोड पाठ्यपुस्तकांत कायमची जाऊन बसली. या पांच मनुष्यांचीं नांवें कोणा विद्यार्थ्याला सांगतां येणार नाहींत. त्यांच्या दुसऱ्या मणक्याचें चित्र मात्र प्रत्येकानें पाहिलेलें असतें.

पुढें जें घडलें तें अधिक विचार करण्याजोगें आहे. १९६५ सालीं अमेरिकेंतील श्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, मोटारीच्या अपघातांत कपाळ समोरच्या भागावर आपटून मान मागें गेली म्हणजे दुसऱ्या मणक्याची नेमकी अशीच मोड होते. तिला त्यांनीं फांशी देणाराच्या नांवानें ओळखलें जाईल असें नांव दिलें. परंतु मोटारींतील हे लोक पुष्कळदां जिवंत राहतात, चालूं फिरूंहि लागतात. कारण कमान मोडून मागें सरली म्हणजे नळी रुंद होते आणि रज्जूला जागा अधिकच मिळते. फांशीवर मनुष्य मरतो तो हाड मोडलें म्हणून नव्हे. रज्जु ताणला जातो म्हणून. उलट १९९२ सालीं इंग्लंडांत फांशी गेलेल्या ३४ जणांच्या मानेच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील बहुतेकांच्या मानेचें हाड मोडलेलेंच नाहीं असें आढळलें. म्हणजे सरकारी कोष्टकाप्रमाणें पाडूनहि मान कोष्टकाप्रमाणें मोडत नव्हती. रंगूनच्या पांच मानांवरून सर्व मानांचा नियम बांधला गेला होता, त्याची ही उलटतपासणी.

मध्यंतरीं वैद्यकशाळांना पुरेशीं प्रेतें मिळेनाशीं झालीं आणि इंग्लंडांत प्रेतचोरांचा सुळसुळाट झाला. त्यावर १८३२ च्या कायद्यानें तोड काढली: खुन्यांचीं प्रेतें देण्याची चाल बंद करून अनाथगृहांत आणि इस्पितळांत मेलेल्या बेवारशांचीं प्रेतें देण्याची परवानगी मिळाली. जी गोष्ट ऐंशी वर्षें खुनाची शिक्षा होती ती एका कायद्यानें दारिद्र्याची झाली. आपल्याकडील १९४९ चा मुंबई शारीरशास्त्र कायदाहि बेवारशी प्रेतांच्याच व्यवस्थेसाठीं झाला. डॉक्टर तयार करावयाचे तर दुसरा मार्ग त्या वेळीं नव्हता, हें खरें. कलकत्त्याचा मात्र निराळाच उद्योग. तेथून स्वच्छ केलेले, तारेंत ओवलेले सांगाडे अनेक दशकें विलायतेंत आणि अमेरिकेंत निर्यात होत असत. १९८५ सालीं भारत सरकारनें ही निर्यात बंद केली. लंडन किंवा शिकागो येथील कितीएक विद्यार्थी मनुष्याचा मणका म्हणून जो हातांत धरून शिकले, तो गंगेकाठच्या एखाद्या गरिबाचा असे.

जिवंत मनुष्याची मान मोजण्याची वाट १८९५ सालीं उघडली. राँटजेनच्या क्ष-किरणांनीं मांसाच्या पडद्यामागचें हाड दिसूं लागलें. पण या नव्या साधनांत एक खोड होती, आणि ती दिवा आणि भिंत यांच्या खेळांतून घरांतील मुलांनाहि माहीत असते. हात भिंतीपासून जितका दूर धरावा तितकी सांवली मोठी. मानेचें चित्र बाजूनें घ्यावयाचें तर मध्यें खांदा आडवा येतो. मान कांचेला चिकटवितां येत नाहीं, आणि सांवली खऱ्या हाडापेक्षां मोठी पडते. दिवा सहा फूट लांब ठेवला तर चूक कमी होते, नाहींशी होत नाहीं.

तरीहि या सांवलीवरूनच मोठें काम झालें. मानेचे सांधे झिजून हातापायांची शक्ति हळूहळू जाणाऱ्या रोग्यांची नीट ओळख १९५२ सालीं ब्रेन, नॉर्थफील्ड व विल्किन्सन या इंग्लिश वैद्यांनीं पटवून दिली. तोंपर्यंत अशा कितीएकांवर भलत्याच रोगाचा शिक्का बसे. झीज तर उतारवयांत बहुतेक सर्वांनाच होते. मग कांहींच का लुळे होतात? न्यूयॉर्कच्या मौंट सिनाई इस्पितळांतील वुल्फ, खिलनानी आणि मॅलिस यांनीं १९५६ सालीं २०० प्रौढांच्या मानेच्या नळीचें माप प्रसिद्ध केलें. खालच्या मणक्यांत तें सरासरी १७ मिलिमीटर भरलें. पुढच्याच वर्षीं पेन आणि स्पिलेन यांनीं दाखविलें कीं, ज्यांचा रज्जु दबतो त्यांची नळी इतरांपेक्षां सरासरीनें सुमारें ३ मिलिमीटर अरुंद असते. उत्तर सांपडलें. झीज सर्वांची सारखीच. जागा ज्याची आधींपासून कमी, तो आधीं सांपडतो. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची अर्धी लांबी. फिलाडेल्फियाच्या स्टील यांनीं १९६८ सालीं सगळ्यांत वरच्या मणक्याबद्दल अशीच एक सोपी वांटणी सांगितली: आंतील तीन सेंटिमीटरांपैकीं एक त्या दांतासारख्या सुळक्याचा, एक रज्जूचा आणि एक मोकळा. त्या मोकळ्या सेंटिमीटरावर डोकें फिरविण्याची आपली सर्व चैन अवलंबून आहे.

सांवलीच्या चुकीवर एक युक्ति १९८६-८७ च्या सुमारास टॉर्ग आणि पावलोव्ह यांनीं काढली. नळीची रुंदी आणि त्याच मणक्याच्या धडाची रुंदी एकाच चित्रांत मोजून एकीला दुसरीनें भागावें. सांवली वाढली तर दोन्ही सारख्याच वाढतील आणि गुणोत्तर कायम राहील. तें ०.८ च्या खालीं गेलें तर नळी अरुंद समजावी. युक्ति खरोखर चतुराईची होती. अमेरिकन फुटबॉल हा डोक्यानें टकरा घेण्याचा खेळ. ज्यांच्या मानेला धोका आहे अशा तरुणांना आधींच ओळखतां येईल अशी आशा वाटली. पण १९९० च्या सुमारास धंदेवाईक खेळाडूंचीं चित्रें तपासलीं तेव्हां सुमारें एकतृतीयांश धडधाकट खेळाडूंचें गुणोत्तर ०.८ च्या खालीं निघालें. त्यांची नळी अरुंद नव्हती. मणक्याचें धडच पैलवानी होतें. भाजक मोठा झाला म्हणून भागाकार लहान आला, एवढाच त्याचा अर्थ. अशा भागाकारावर विसंबून किती तरुणांना उगीच मैदानाबाहेर बसविलें गेलें असतें !

सांवली सोडून हाडालाच मोजपट्टी लावली तर काय दिसतें ? क्लीव्हलंड शहरांत टी. विंगेट टॉड या मूळच्या इंग्लिश अध्यापकानें १९१२ पासून १९३८ सालीं मृत्यु येईपर्यंत बेवारशी प्रेतांचे तीन हजारांवर सांगाडे जमविले. त्याचा विशेष हा कीं, प्रत्येकाचें वय, वंश, उंची, वजन यांची नोंद त्यानें ठेवली. त्यांतील कित्येक जण काळे मजूर होते, कित्येक यूरोपांतून पोटासाठीं आलेले. २००७ सालीं ली, कॅसिनेली आणि रीव यांनीं त्यांपैकीं ४६९ प्रौढांच्या मानेचे मणके मोजून माप प्रसिद्ध केलें. सरासरी भरली १४.१ मिलिमीटर, सांवलीवरून काढलेले १७ नव्हे. फरकाचें एक कारण सांवलीची वाढ हें आहे; दुसरें हेंहि असूं शकेल कीं, हे लोक उपाशी बालपण काढलेले होते. १२ मिलिमीटरहून कमी जागा असलेल्यांस अरुंद धरलें तर असे लोक शेंकडा ४.९ निघाले, सत्तरीपुढें शेंकडा ९. इस्पितळांत भूल देतांना म्हाताऱ्या रोग्याची मान मागें ओढण्यापूर्वीं हे आंकडे लक्षांत ठेवण्यासारखे आहेत.

भारतांत जन्मलेले मनोहर पंजाबी हे पेशानें अभियंता. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत त्यांनीं डॉक्टर ऑगस्टस व्हाइट यांच्यासह पृष्ठवंशाच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तो १९७८ सालीं निघाला. १९९१ सालीं पंजाबी आणि त्यांचे सहकारी यांनीं मानेच्या दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या मणक्यांचीं लांबी, रुंदी, उंची आणि कोन अशीं सर्व बाजूंनीं मापें प्रसिद्ध केलीं. पुलाचा खांब तपासावा तसा त्यांनीं मणका तपासला. नंतर शल्यवैद्यांनीं या मापांचा फार उपयोग करून घेतला. जपानमधील आबुमी यांनीं १९९४ सालीं मानेचा मोडलेला मणका स्क्रूनें पक्का करण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यांत स्क्रू जातो तो मणक्याचें धड आणि मागची कमान यांना जोडणाऱ्या हाडाच्या लहानशा खांबांतून. हा खांब बहुधा पांचसहा मिलिमीटर रुंद, आणि स्क्रू साडेतीन मिलिमीटर जाड. खांबाच्या आंतल्या अंगाला मज्जारज्जु. बाहेरच्या अंगाला मेंदूकडे रक्त नेणारी धमनी, जी मानेच्या मणक्यांना असलेल्या खास भोंकांतून वर जाते. स्त्रियांत आणि लहान चणीच्या लोकांत हा खांब आणखी बारीक असतो, कांहींच्या मानेंत तर स्क्रूहूनहि बारीक. तेथें अमेरिकेंतील किंवा दुसऱ्या कोठल्याहि प्रेतांवरून काढलेली सरासरी उपयोगी पडत नाहीं. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडन येथें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें थरावारी चित्र घेतलें, आणि त्या यंत्राच्या वंशजांत आतां जिवंत मनुष्याचा मणका अर्ध्या मिलिमीटरापर्यंत मोजतां येतो. मानेवर शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे आधल्या दिवशीं शल्यवैद्य त्याच रोग्याचें चित्र पडद्यावर लावतो, सातहि मणक्यांचे डावेउजवे खांब वेगवेगळे मोजतो, आणि ज्या बाजूला जागा पुरत नाहीं त्या बाजूचा स्क्रू कागदावरच खोडून टाकतो.